नव्या संचात

नाटकाच्या जाहिरातीत एक सोय असते. नट बदलला की कोपऱ्यात छापतात, ‘नव्या संचात’. बालगंधर्वच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं, की मागच्या खेपेला पाहिलेला नायक आता कुठल्यातरी मालिकेत अडकलाय आणि ‘रिप्लेसमेंट’ आलीय. तो मनाची तयारी करूनच आत शिरतो. व्हिडिओ गेममध्ये ही पद्धत नाही. रात्री अपडेट उतरतो, सकाळी नायक तीच दाढी आणि तेच चिलखत घेऊन उभा असतो, तोंड उघडतो आणि आपले कान टवकारतात. काहीतरी वेगळं आहे. काय ते चटकन सांगता येत नाही, पण चहात साखरेऐवजी गूळ पडला की जसं पहिल्या घोटाला समजतं, तसं समजतं.

जून २०२३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ची पहिली झलक आली, तेव्हा असंच झालं. मारिओ बोलतो तो किती? ‘वाहू’, ‘याहू’ आणि पडल्यावर एक किंकाळी. तेवढ्यावरून जगभरच्या लोकांनी ताडलं, की हा मारिओचा नेहमीचा आवाज, चार्ल्स मार्टिने, नव्हे. गेमची कंपनी निन्टेन्डोने मार्टिने बाजूला होत असल्याचं ऑगस्टमध्ये सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये गेम आला तेव्हा मारिओमागे केविन अफगानी होता. सवाईच्या मंडपात मागच्या सतरंजीवर डोळे मिटून बसलेले काका पहिल्या आलापातच घराणं सांगतात, त्याच जातीचं हे ऐकणं. फरक एवढाच, की काकांना कौतुक मिळतं आणि गेमवाल्या पोराला ‘अभ्यास कर’ मिळतं.

पण ‘आवाज बदलला’ या दोन शब्दांत फार गोष्टी कोंबलेल्या असतात. माणूस बदलला, माणूस तोच पण घसा बदलला, घसा तोच पण खोली बदलली, की सगळं तेच आणि आपला हेडफोनच बिघडला? पोलिसांसारखं आधी घरातल्यांवर संशय घ्यावा. म्हणजे हेडफोनवर.

सगळ्यात जास्त फसवतो तो ब्लूटूथ. नुसतं ऐकताना तो चांगला, भरलेला आवाज देतो. पण गेममधलं व्हॉइस चॅट चालू झालं आणि हेडफोनचाच माइक वापरात आला, की बहुतेक जोड्या गुपचूप फोनकॉलच्या अवस्थेत जातात. त्या अवस्थेत आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच घेतले जातात, आणि नमुन्यांच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिकतात, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ची धार साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. ती गेली की रुबाबदार सेनापती सर्दी झालेल्या शेजाऱ्यासारखा बोलू लागतो, आणि पोरं ‘नवीन अ‍ॅक्टर बकवास आहे’ म्हणून मोकळी होतात. उपाय सोपा आहे: चॅटच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हेडफोनचा माइक काढायचा आणि लॅपटॉपचा किंवा पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून आणलेला साधा वायरचा कॉलर माइक निवडायचा. हेडफोन फक्त ऐकायला. त्यानंतर व्हर्च्युअल सराउंड, बास बूस्ट आणि टीव्हीवर खेळत असाल तर नाइट मोड, हे तिन्ही बंद. एवढ्यावरही आवाज परका वाटला, तर पुढचा तपास.

तुलना करायची ती एकाच ओळीची. जुन्या भागातली रडकी ओळ आणि नव्या भागातली रागाची ओळ शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. बंदूक भरतानाची आरोळी, दार उघडताना म्हणायचं ठरलेलं वाक्य, अशी पुन:पुन्हा येणारी ओळ दोन्हीकडून रेकॉर्ड करून घ्यावी आणि दोन्हींची पातळी सारखी करावी. हे टाळलं तर सगळी मेहनत फुकट, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरात दोन्ही फाइली उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र, पाहावा. जुन्या फाइलीत ११ किलोहर्ट्झच्या वर सपाट अंधार दिसला, तर ती सेकंदाला २२,०५० नमुन्यांची आहे. जागा वाचवायला जुन्या काळी हे सर्रास चालायचं. आज स्टुडिओत ४८,००० नमुने आणि २४ बिट हे नेहमीचं माप आहे. म्हणजे पुष्कळदा आपण ज्याला ‘तो जुना उबदार आवाज’ म्हणून उसासे टाकतो, तो फक्त वरून कापलेला आवाज असतो.

माणूस बदलला का, हे पट्टीवरून ओळखायला जाऊ नये. पट्टी कोणीही वरखाली करतो, तेवढ्यासाठीच नटाला पैसे मिळतात. नक्कल सापडते ती ‘स’ आणि ‘र’मध्ये, वाक्याआधी घेतलेल्या श्वासात, आणि मुख्य म्हणजे हसण्यात. बोलणं बेतता येतं, हसू बेतणं अवघड. आणखी एक गंमत: मार खाल्ल्यावरचं कण्हणं, उडी मारतानाचा हुंकार या फाइली वेगळ्या ठेवलेल्या असतात. खर्च वाचवायला त्या जुन्याच वापरल्या, तर बोलतो एक आणि कण्हतो दुसरा. कानाला खटकतं ते बहुधा या सांध्यावर.

सांधे तर एकाच नटाच्या कामातही असतात. गेमची संहिता नाटकासारखी पानांवर नसते, तक्त्यात असते. प्रत्येक ओळीला एक क्रमांक, फाइलचं नाव, शेजारी जमलं तर प्रसंगाची टीप. टीप नसेल तर ‘नाही’ हा एकच शब्द नटाने प्रेयसीला म्हणायचा की राक्षसाला, हे देवच जाणे. बैठक साधारण चार तासांची. ओरडण्याच्या ओळी मुद्दाम शेवटी ठेवतात, कारण अर्धा तास ‘मागे फिरा!’ असं किंचाळल्यावर घसा कुजबुजीच्या कामाचा राहत नाही. हे वेळापत्रक चुकलं, की हळव्या प्रसंगात नायकाचा आवाज उगाच बसलेला येतो. मग सहा महिन्यांनी कथेत बदल होतो, चार ओळी नव्याने घ्याव्या लागतात, आणि खरी पंचाईत तिथे होते. आधी माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे १५-२० सेंटिमीटरवर होता. आता कोणीतरी तो ८ वर ठेवला. एकाच दिशेचं ऐकणाऱ्या अशा माइकच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो, आणि तोच नायक दोन वाक्यांसाठी एकदम आकाशवाणीचा निवेदक होऊन परत माणसात येतो. शहाणे ध्वनिमुद्रक म्हणून पहिल्याच दिवशी माइकचा फोटो काढतात, अंतर टेपने मोजून लिहून ठेवतात आणि नवी ओळ घेण्याआधी नटाला त्याचीच जुनी ओळ ऐकवतात. गवयाने तंबोरा ऐकून सूर लावावा तसं.

खोलीचं म्हणाल तर ‘मेटल गिअर सॉलिड’चा दाखला पुरेसा आहे. १९९८ साली त्याचे इंग्रजी संवाद अशा जागेत घेतले, जिथे बाहेरच्या गाड्यांचा आवाज पुरता अडत नव्हता. त्या वेळच्या कमी दर्जाच्या ध्वनीत ते खपून गेलं. २००४ मध्ये नवी आवृत्ती काढताना सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं, गाड्यांसकट. संवाद पुन्हा घ्यावे लागले. पुण्यात घरबसल्या डबिंग करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. सिंहगड रस्त्याकडे खिडकी असेल तर रात्री अकरानंतरच काम. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहते), पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, आणि काम सुरू करण्याआधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. ती नंतर ओळींमधल्या फटी बुजवायला लागते. शेजारचा कुकर तरीही शिट्टी देतोच. ती पुसायला सॉफ्टवेअर जास्त रेटलं, तर शिट्टी जाते, पण नट विहिरीतून बोलतो.

घसा बदलण्याचं कारण कधी साधं वय असतं. ‘गॉड ऑफ वॉर’मधला मुलगा २०१८ च्या भागात कोवळा बोलतो आणि २०२२ च्या भागात जाड्या आवाजात. नट तोच, सनी सुल्जिक. मधल्या चार वर्षांत त्याचा आवाज फुटला, आणि पात्रही वाढलेलं असल्याने कोणाची तक्रार आली नाही. त्याच्या बापाचं मात्र खरोखर रिप्लेसमेंट झालं. टी. सी. कार्सन जाऊन क्रिस्टोफर जज आला, कारण आता नुसता आवाज पुरत नव्हता. चेहरा, अंग आणि बोलणं एकाच वेळी टिपायचं होतं, मग धिप्पाड माणूसच हवा. कधी कारण संप असतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०१६ ला सुरू झालेला आवाज-कलाकारांचा संप जवळपास अकरा महिने चालला. त्यात घशावर पडणाऱ्या ताणाचा मुद्दा होता. त्यामुळे ‘लाइफ इज स्ट्रेंज’ची पूर्वकथा सांगणाऱ्या मालिकेत क्लोई या पात्राला ॲशली बर्चऐवजी रिआना डेव्हरीजचा आवाज मिळाला.

सगळ्यात निष्ठुर प्रकार ‘डेस्टिनी’चा. २०१४ साली त्यात खेळाडूच्या खांद्याजवळ तरंगणारा छोटा सोबती पीटर डिंकलेजच्या आवाजात बोलायचा. २०१५ मध्ये नोलन नॉर्थ आला, आणि त्याने पुढच्याच नव्हे तर मागच्याही ओळी नव्याने म्हटल्या. शासन निर्णयात असतं तसं, पूर्वलक्षी प्रभावाने. जुना आवाज गेममधून पुसलाच गेला. नाटकवाले निदान जुन्या संचाच्या फोटोची चौकट भिंतीवर ठेवतात.

पुण्याशी थेट नातं असलेला राजपुत्रही या फेऱ्यातून गेलाय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा २००३ चा भाग युरी लोवेन्थालच्या आवाजात, थोडा गर्विष्ठ, थोडा स्वतःवरच हसणारा. २००४ मध्ये गेम काळवंडला आणि राजपुत्राला रॉबिन अ‍ॅटकिन डाउन्सचा जाड, चिडका आवाज दिला. २००५ मध्ये लोवेन्थाल परत. मधला भाग वाईट नव्हता, पण स्वतःची चेष्टा करणारा माणूस एका वर्षात नुसता गुरगुरू लागला तर कथेने कितीही कारणं द्यावीत, कान ती मानत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या भागाची नवी आवृत्ती जाहीर झाली, ती यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, आणि तिच्यासाठी पुन्हा लोवेन्थाललाच बोलावल्याचं सांगितलं होतं. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. आवाज कोणाचा हवा, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेल्या ‘राजी’त वेगळीच मजा आहे. २०२० साली दुर्गा आणि विष्णू ही कथा इंग्रजीत सांगत होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आली. हा बदल कानाला बदल वाटतच नाही, घरी परतल्यासारखा वाटतो. याला एक तांत्रिक कारणही असावं. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या धाटणीचे आहेत, त्यामुळे ओठांना शब्द चिकटवायची कसरत नाही. एरवी परभाषेतला गेम आपल्याकडे आणताना ओळीची लांबी मूळ ओळीच्या दहा टक्के इकडेतिकडे बसवावी लागते, आणि आपलं क्रियापद येतं शेवटी. इंग्रजी नायक ‘नाही’ आधी म्हणतो आणि हात उगारतो. आपला ‘मी तुला इथून जाऊ देणार’ म्हणेपर्यंत हात खाली आलेला असतो, मग ‘नाही’ येतं. पडद्यावरचा हात आणि वाक्यातला जोर यांची चुकामूक झाली की आवाज चांगला असूनही नट वाईट ठरतो. मराठी आवाजाचा मोठा गेम अजून शोधत फिरावा लागतो. तो येईल तेव्हा लेखकाने वाक्य उलटं बांधायला शिकावं लागेल: ‘नाही जाऊ देणार तुला!’ रंगभूमीला हे केव्हापासून येतं.

आता तर माणूस नसतानाही आवाज बदलत नाही. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ व्हेडर खेळाडूंशी हवं ते बोलू लागला, त्याचा मूळ आवाज असलेल्या जेम्स अर्ल जोन्सच्या, पण एआयने घडवलेल्या आवाजात. जोन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले होते. कुटुंबाची परवानगी होती, तरी कलाकारांच्या संघटनेने तक्रार गुदरली. खेळाडूंनी पहिल्या काही तासांतच त्या यंत्राकडून शिवी वदवून घेतली आणि कंपनीला धावाधाव करावी लागली. यंत्राचा आवाज ओळखायची खूण म्हणजे वाक्याचा शेवट. ‘बरं’ हा शब्द माणूस दहा वेळा दहा प्रकारे खाली ठेवतो. यंत्र तो एकाच खुंटीवर टांगतं.

आणि माणसाची खूण? ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये, २००६ साली, एका देवळात तांडिल्वे नावाची बाई आहे. तिची एक ओळ चुकते, ती थांबते, ‘थांबा, ही पुन्हा घेते’ म्हणते आणि पुन्हा म्हणते. ते रेकॉर्डिंग कापायचं राहिलं आणि तसंच गेममध्ये गेलं. ही बाई खेळाडूला शिकवते काय, तर वक्तृत्व. २०२५ च्या एप्रिलमध्ये गेमची नवी आवृत्ती आली, चित्रं नव्याने घडवली, कितीतरी पात्रांना नवे आवाज दिले. तांडिल्वेच्या त्या ओळीला मात्र कोणी हात लावला नाही. ती अजूनही अडखळते, थांबते, आणि पुन्हा म्हणते.