पुन्हा मुलाखतीला का गेले नाही

“सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालीस, पीएच.डी. केलीस, मग पुन्हा एखाद्या महाविद्यालयाच्या मुलाखतीला का गेली नाहीस?” हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, मी काम करते त्या केळीच्या ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्या मुली विचारतात, आणि कधीकाळी माझ्याकडे शिकलेले विद्यार्थी तर हक्काने विचारतात. आजवर मी “योग आला नाही” एवढेच म्हणत आले. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीला सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचे पत्र आले आणि तिनेही हेच विचारले. तिला अर्धवट उत्तर देणे मला बरोबर वाटले नाही. तिला जे सांगितले, तेच इथे लिहिते.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2018 मध्ये सहायक प्राध्यापकांच्या 3,580 जागा भरायला परवानगी दिली होती. त्यांपैकी 1,492 भरल्यावर करोनामुळे भरती थांबली आणि उरलेल्या 2,088 जागांना नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. तोवर मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये नवा अर्ज करायचा, नवे नियुक्तिपत्र घ्यायचे, आणि झालेल्या तासांचे मानधन वर्षाच्या शेवटी कधी मिळेल याची वाट पाहायची. त्यामुळे 2022 मध्ये मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयाची जाहिरात आली, त्यात वनस्पतिशास्त्राचे एकच पद होते, तरी आमच्या घरात सणासारखे वातावरण झाले. अर्जासोबत जोडायच्या साक्षांकित प्रतींचे दोन गठ्ठे वडिलांनी स्वतः बांधले.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी एक फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही, संस्थेकडून बोलतोय एवढेच म्हणाला, आणि अतिशय आदराने विचारले, “मॅडम, तयारी कशी आहे?” मी खरोखरच उत्तर दिले. वर्गीकरणशास्त्र पूर्ण झाले आहे, वनस्पती शरीरक्रियाशास्त्राची उजळणी चालू आहे, असे सांगितले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ती तयारी नव्हे.” मग त्याने आकडा सांगितला. तो आकडा मी लिहीत नाही. एवढेच सांगते की आमची चार एकर कोरडवाहू जमीन त्यात पूर्ण गेली असती आणि तरीही थोडे कर्ज काढावे लागले असते. मी काही न बोलता फोन ठेवला. वडिलांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले आणि रात्री जेवण झाल्यावर सातबाऱ्याचा उतारा आणून माझ्यासमोर ठेवला. ते एक शब्दही बोलले नाहीत. तो उतारा मी घडी घालून परत त्यांच्या पिशवीत ठेवला.

तरीही मी मुलाखतीला गेले. का गेले, हे समजण्यासाठी त्या वेळी लागू असलेला नियम माहीत असायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार पदव्यांचे गुण, सेट-नेट या पात्रता परीक्षा, पीएच.डी., शोधनिबंध, अध्यापनाचा अनुभव या सगळ्यांचे गुणांकन व्हायचे, पण त्याचा उपयोग मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यापुरताच असायचा. निवड व्हायची ती केवळ मुलाखतीतील कामगिरीवर. म्हणजे वीस वर्षांचा अभ्यास तुम्हाला दारापर्यंत आणायचा आणि पुढचे सगळे त्या खोलीतील काही मिनिटांवर सोपवले जायचे. परंतु त्याच नियमावलीने निवड समितीत संस्थेच्या अध्यक्षांबरोबर कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञही बसवले होते. माझा विश्वास या बाहेरच्या माणसांवर होता. फोनवरचा माणूस काहीही बोलो, विद्यापीठाकडून आलेली माणसे माझे ऐकतील, असे मी एसटीत बसताना मनाशी घट्ट धरले होते.

सकाळी दहाला बोलावले होते; मुलाखती सुरू झाल्या दुपारी दोन वाजता. तेवीस उमेदवार एका वर्गखोलीतील बाकांवर बसलो होतो. त्यात त्याच विभागात आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तिथल्या वनस्पतिसंग्रहाच्या कितीतरी नमुन्यांवर त्यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या होत्या, हे मी येताना प्रयोगशाळेच्या दारातून पाहिले होते. त्या कोणाशी फारसे बोलत नव्हत्या, मात्र एका मुलाला पाणी हवे होते तेव्हा स्वतः उठून गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. या पदासाठी नाव आधीच ठरले आहे, असे बाकांवर सगळेच हलक्या आवाजात म्हणत होते. खरे-खोटे मला सांगता येणार नाही, पण त्या बाईंचे नाव त्यात कोणीही घेत नव्हते.

माझी मुलाखत चार-पाच मिनिटे चालली असेल. पहिला प्रश्न, कोणाच्या ओळखीने आलात. दुसरा, लग्न झाले आहे का, मिस्टर काय करतात, ते इकडे येतील का. विषयाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एका वयस्कर तज्ज्ञांनी विचारला. माझे संशोधन सेरोपेजियावर, म्हणजे सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कंदीलपुष्पांवर आहे. त्यांनी माझा प्रबंधाचा सारांश खरोखर वाचला होता. पानाच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी विचारले, “या फुलात माशी आत अडकते, हे आपण सगळेच शिकवतो. ती बाहेर कशी येते?” मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत पुढे सरकले. मी फुलाच्या नळीपर्यंत आले होते, तेवढ्यात अध्यक्ष घड्याळ पाहत म्हणाले, “सर, अजून पुष्कळ जण बाहेर आहेत.” त्या तज्ज्ञांनी माझ्याकडे पाहिले, मग समोरच्या कागदाकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. “ठीक आहे, कळवू,” असे मला सांगण्यात आले. आजपर्यंत त्या महाविद्यालयाकडून होकाराचे किंवा नकाराचे पत्र आलेले नाही.

फोन करणाऱ्या माणसापेक्षा त्या खाली ठेवलेल्या पेन्सिलीने मला अधिक दुखावले. त्या माणसाकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती. पण ज्याला उत्तर ऐकायचे आहे आणि ज्याला ऐकण्याचा अधिकारही दिलेला आहे, तोच गप्प राहत असेल, तर मी पुढच्या मुलाखतीची तयारी कोणासाठी करायची, हे मला कळेनासे झाले. त्यानंतर दोन ठिकाणांहून पत्रे आली. मी गेले नाही.

लोक समजुतीने सांगतात की सगळेच देतात. सुरुवातीचे मूळ वेतनच 57,700 रुपये आहे, काही वर्षांत भरपाई होते. हिशेब चुकीचा नाही. पण वडिलांची जमीन विकून मिळवलेल्या जागेवर उभी राहून, जमीन असलेल्या आणि नसलेल्या घरांतून आलेल्या मुलांना मी अभ्यास करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगितले असते? तक्रार का केली नाही, असेही काही जण विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक मला माहीत होता. हातात पुरावा नव्हता हे खरे, पण पुढे दुसऱ्या कोणत्या संस्थेत जावे लागले तर नाव आडवे येईल, ही भीतीही होती. मी फोन करायला हवा होता, असे मला आज वाटते.

माझ्या विद्यार्थिनीला मी जाऊ नकोस असे म्हटले नाही. फोन आला तर त्याची तारीख, वेळ आणि क्रमांक त्याच क्षणी लिहून ठेव, मला लगेच कळव, तक्रार करायची झाली तर मी सोबत येईन, आणि खोलीत कोणी विषयाचा प्रश्न विचारला तर कोणी थांबवले तरी वाक्य पूर्ण करूनच उठ, असे सांगितले. मला ते जमले नव्हते. त्या सरांना द्यायचे राहिलेले उत्तर असे होते: फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, त्यामुळे माशी आत सरकते पण वर चढू शकत नाही, पुढे फूल सुकू लागते, केस मऊ पडतात, ताठ उभी नळी कलते, आणि माशी परागपुंज घेऊन चालत बाहेर येते.