गावाकडे माकडं मेली होती का?

मार्च संपत आला होता. ठाण्यात किसननगरला माझा दवाखाना आहे आणि माझे बरेचसे पेशंट कोकणातले. शिमग्याहून परतलेल्या माणसांची गर्दी ओसरत होती. तेवढ्यात एक आई तेवीस वर्षांच्या मुलाला रिक्षातून घेऊन आली. तो तीन दिवसांपूर्वीही येऊन गेला होता. तेव्हा मी डासांचं विचारलं, पिंपात पाणी साठवता का विचारलं, पॅरासिटामॉल दिलं, रक्त तपासायला सांगितलं. तो कुठे जाऊन आला, हे मात्र विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

आता ताप पाचव्या दिवसावर होता. डोळे लाल, डोकं दोन्ही हातांनी धरलेलं, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की रिक्षातून उतरताना आईच्या खांद्यावर भार टाकावा लागला. सकाळी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं होतं. मलेरिया नाही, डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट ७४ हजार, दोन्ही फार कमी.

"गावाला गेला होतास?"

"शिमग्याक गेल्लंय. मगे काजी येचूक रवलंय. येऊन आठ दिवस झाले."

"तालुका कुठला?"

"दोडामार्ग."

मी लगेच विचारलं, "तिकडे माकडं मेली होती का रे?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मुलगा म्हणाला, "काजीच्या बागेत एक मरान पडलेला. वास येय होतो, म्हणान मीच काठयेन लोटून व्हाळात टाकलंय."

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून हा आजार माहीत आहे. लोक त्याला माकडताप म्हणतात. मूळ नाव क्यासनूर जंगलावरून पडलं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात त्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने पडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे, शास्त्रज्ञ तिथे गेले तेव्हा त्यांना आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, धास्ती वाटली होती. पीतज्वरातही माकडं मरतात आणि तो आजार भारतात कधी आलेला नव्हता. निघाला वेगळाच विषाणू, रशियातल्या एका गोचीडजन्य मेंदूज्वराचा नातेवाईक.

तो विषाणू गोचिडीत राहतो. गोचीड वानराला किंवा लालतोंड्या माकडाला चावते, ते आजारी पडून मरतं, आणि अंग थंड झालं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात. मग पातेरो गोळा करणारा, काजू वेचणारा, गुरं चारणारा कोणीही तिथून गेला की त्याला चिकटतात. पिल्लू गोचीड तर खसखशीएवढी, अंगावर आहे हे कळतही नाही. डिसेंबर ते मे हा तिचा काळ आणि काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो. पोटासाठी बागेत जाऊ नका, असं मी कुणाला कुठल्या तोंडाने सांगू?

मी त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीवर दोडामार्ग, काजूची बाग आणि मेलेलं माकड, तिन्ही ठळक लिहिलं आणि आरोग्य खात्याला फोन केला. रक्त बर्फाच्या पेटीतून पुण्याला एनआयव्हीत गेलं. आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, तापावर पॅरासिटामॉल, प्लेटलेटवर नजर एवढंच हातात असतं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत, रक्तस्राव वाढतो.

संध्याकाळी आई एकटीच दवाखान्यात आली. घरात धाकटी मुलगी होती, त्याचीच तिला धास्ती. "काकी, हा माणसाकडून माणसाला होत नाही," मी सांगितलं. तिने खोल श्वास घेतला आणि विचारलं, "मग बाई, उपवनाक माकडां येतत, त्यांका हाकलूक होया काय?"

हा प्रश्न मला फार लागला. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातून उपवनकडे उतरणाऱ्या माकडांना आधीच दगड खावे लागतात. मी म्हटलं, "माकड हा ताप आपल्याला देत नाही. त्यालाही गोचीडच चावते, आणि आपल्याआधी मरतं ते. माकड चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून लगेच या, रेबीजची लस घ्यावीच लागते. पण त्यांना मारू नका, खायलाही घालू नका." ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमचो मारुतीच तो."

बाराव्या दिवशी त्याला घरी सोडलं, पण मी निर्धास्त नव्हते. काहींना ताप उतरून आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा चढतो, तेव्हा मान आखडते, हात थरथरतात, भ्रम होतो. म्हणून त्याला मी दर तीन दिवसांनी बोलवत होते. हात पुढे कर, डोळे मिट, फरशीच्या रेघेवरून टाचेला टाच लावून चाल. चौथ्या खेपेला तो न अडखळता चालला.

जाताना दारात त्याचा फोन वाजला. गावाहून चुलतभाऊ होता, बागेच्या वरच्या अंगाला आणखी एक माकड पडलं होतं.

"हात लावू नको," तो ओरडून सांगत होता, "काठी पण नको. ढोरां तिकडे सोडू नको. आरोग्य केंद्रात फोन कर आदी."