कुड्याच्या सालीचा अर्क आणि कोळशाची चाचणी : माझा अनुभव

एम. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी कुड्याच्या सालीचा अर्क घेतला. तो दिल्यावर उंदरांच्या आतड्यातून कोळसा किती वेगाने पुढे सरकतो, हे मोजायचे होते. जुलाबावर कुडा देण्याची रीत जुनी आहे आणि कुड्याचे कुटजारिष्ट आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत सहज मिळते, त्यामुळे विषय सोपा वाटतो. प्रत्यक्षात उंदरांपर्यंत पोहोचण्याआधीच बरेच काम असते.

सुरुवात झाडाच्या ओळखीपासून होते. बाजारातील पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ आढळते आणि वाळलेल्या तुकड्यांवरून ती ओळखणे कठीण असते. झाडावर मात्र फरक दिसतो : काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. म्हणून मी पाने व शेंगांसह फांदी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात प्रमाणित करून घेतली आणि सालही त्याच झाडाची काढली. नमुना एका झाडाचा आणि साल दुकानातली असेल, तर प्रमाणपत्राला काहीच अर्थ राहत नाही.

सावलीत वाळवलेल्या सालीची भरड सॉक्सलेट उपकरणात, म्हणजे गरम द्रावक सालीवरून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, इथेनॉलने निष्कर्षित केली. मिळालेला चिकट अर्क पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून तो सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाच्या ०.५ टक्के द्रावणात घोटावा लागला. नियंत्रण गटालाही तेच द्रावण अर्काविना दिले. प्राणी नैतिकता समितीपुढे ‘फॉर्म बी’ हा प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज भरताना प्रत्येक गटात सहाच उंदीर का, याचे समर्थन द्यावे लागले, आणि तो प्रश्न मला योग्यच वाटला.

चाचणीच्या आदल्या दिवशी उंदरांचे अन्न काढून घेतात, पाणी मात्र ठेवतात. अर्क दिल्यानंतर काही वेळाने ५ टक्के बाभळीच्या डिंकात कालवलेला १० टक्के कोळसा तोंडावाटे देतात आणि ३० मिनिटांनी आतडे बाहेर काढून जठराच्या आतड्याकडील तोंडापासून अंधांत्रापर्यंतची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंतची) लांबी व कोळशाने कापलेले अंतर मोजतात. आतडे मोजताना ताणले गेले तर आकडा बिघडतो. म्हणून ते ओलसर कागदावर सैल पसरून, कोणता गट हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याकडून मोजून घेतले. तुलनेसाठी आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या ॲट्रोपिन या औषधाचा गट होता.

मोठ्या मात्रेत कोळसा नियंत्रण गटापेक्षा मागे राहिला, तरी ॲट्रोपिनइतका नाही. लहान मात्रेत सांख्यिकीदृष्ट्या फरक दिसला नाही. कुड्याच्या अर्कात आतड्याला चेतवणारे आणि सैल करणारे असे दोन्ही गुण आढळल्याचे प्रकाशित संशोधन आहे, त्यामुळे मला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. मात्र कोळसा मागे राहिला एवढ्यावरून अन्न अधिक चांगले पचले असे म्हणता येत नाही, कारण ही चाचणी केवळ वहनाचा वेग मोजते. पाचक विकरांविषयी (एन्झाइम्सविषयी) ती काहीच सांगत नाही. प्रबंधाच्या मूळ शीर्षकातील ‘पचनक्रियेवर’ हे शब्द मी मार्गदर्शकांच्या संमतीने काढले आणि तेथे ‘आतड्यातील वहनावर’ असे लिहिले.