पहिलं सिझेरियन, मग दुसरं?

"एकदा सिझर झालं की दुसरंही सिझरच," आई फोनवर म्हणाली. आपल्याकडे हे इतकं गृहीत धरतात की त्यावर बोलणंच होत नाही. इथे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मात्र दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत मिडवाइफने विचारलं, "या वेळी तुम्हाला काय करावंसं वाटतंय?"

मी पुण्याचं डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर 'एलएससीएस' (म्हणजे पिशवीच्या खालच्या भागात छेद देऊन केलेलं सिझेरियन), तारीख आणि कारण लिहिलेलं होतं: बाळ पायाळू. तिला ऑपरेशनची सविस्तर नोंद हवी होती. गर्भपिशवीवरचा छेद खालच्या बाजूला आडवा आहे एवढं कार्डावरून कळत होतं, पण बाळ काढताना तो वर फाटत गेला होता का, हे त्यात नव्हतं. वहिनीने हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घालून ही नोंद, म्हणजे ओटी नोट, मिळवली आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. छेद आडवाच होता, कुठेही वाढलेला नव्हता. त्या एका कागदामुळे पुढचं सगळं बोलणं शक्य झालं.

आई म्हणते ते वाक्य मूळचं न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. पहिलंच सिझेरियन विनाकारण करू नका, हे त्यांना सांगायचं होतं. तेव्हा पिशवी वरच्या भागात उभी कापत आणि असा व्रण पुढच्या कळांमध्ये उसवण्याची भीती मोठी असे. खालचा आडवा छेद रूढ झाला तो १९२० च्या दशकापासून, आणि त्यासाठी आग्रह धरणारे डॉ. मन्रो कर याच ग्लासगोचे. छेद बदलला, धोका कमी झाला, वाक्य मात्र राहिलं.

डॉक्टरांनी आकडे कागदावर लिहून दिले. एका सिझेरियननंतर नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरातल्या ७२ ते ७५ जणींची डिलिव्हरी नॉर्मल होते. माझं पहिलं सिझेरियन बाळ पायाळू म्हणून झालं, कळा येऊन अडल्यामुळे नाही, म्हणून माझी शक्यता याहून चांगली. व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला. आकडा लहान आहे, पण ती वेळ आलीच तर मिनिटांचा प्रश्न असतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ठरवून सिझेरियन केलं तर हा धोका जवळजवळ टळतो आणि तारीख हातात असते. मात्र बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणूनच ते ३९ आठवड्यांआधी करत नाहीत. शिवाय दर सिझेरियनबरोबर पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतण्याची जोखीम वाढत जाते. आम्हाला तिसरं मूल नको आहे, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी हलका ठरला.

इतकं मोकळेपणाने सांगण्यामागे कायदाही आहे. शेजारच्या लॅनर्कशायरमधल्या एका मधुमेही आईला बाळाचे खांदे अडकण्याचा धोका आधी सांगितला नव्हता. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात निकाल दिला की बाईच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रत्येक धोका आणि दुसरे पर्याय तिला सांगितलेच पाहिजेत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

घरी विचार झाला तो वेगळ्याच गोष्टींचा. आईचं तिकीट कधीचं काढायचं? रात्री कळा सुरू झाल्या तर मोठीला कोण सांभाळेल? पोटावर टाके असताना तिला कडेवर घेता येणार नाही, हे माझ्या मनात सगळ्यात वर होतं.

शेवटी ठरलं ते असं. कळा आपणहून आल्या तर नॉर्मलचा प्रयत्न, तोही हॉस्पिटलमध्येच, बाळाच्या ठोक्यांवर मशीनने सतत लक्ष ठेवून. कळांसाठी औषध घ्यायचं नाही, कारण त्याने व्रण उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. ४१ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत तर सिझेरियन. आईला थोडं आधीच बोलावलं आहे.

महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने झालेलं होतं, म्हणजे हा प्रश्न तिथेही असंख्य जणींपुढे येणार. तुमची ओटी नोट आजच मागून घ्या. नॉर्मलचा विचार असेल तर ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्री दोन वाजताही तयार असतं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उत्तर 'नाही' असेल तर दुसरं हॉस्पिटल बघा, किंवा सिझेरियनची तारीख घ्या.