हीटर चालू की बंद

गेले काही दिवस मेंदूतल्या पेशींचे ट्रेस (व्होल्टेजचे आलेख) बघून बघून डोळे गेलेत. काम ऐकायला सोपं वाटतं, पॅच क्लॅम्पने (पेशीला चिकटवलेल्या बारीक काचनळीने) पेशीत टप्प्याटप्प्याने करंट सोडायचा, ती कशी फायर करते, म्हणजे विजेचे झटके (स्पाइक) कसे देते, ते बघायचं आणि इंटरन्यूरॉन (आसपासच्या पेशींना आवर घालणारी चेतापेशी) कुठल्या प्रकारचा ते ठरवायचं.

पार्व्हाल्ब्युमिन प्रथिनवाल्या बास्केट पेशी तर लगेच कळतात, स्पाइक एकदम अरुंद, अर्ध्या उंचीवर अर्धा मिलिसेकंदसुद्धा नाही, मागोमाग खोल खड्डा, आणि करंट वाढवला की सेकंदाला 100-200 स्पाइक आरामात, शेवटपर्यंत दमत नाहीत (केव्ही3 चॅनेलची, म्हणजे पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या दारांची कृपा). न्यूरोग्लियाफॉर्मपण ओळखू येते, उंबरठ्यापाशी बराच वेळ रेंगाळते आणि मग कधीतरी एक स्पाइक. डोकेदुखी आहे ती मधल्या मंडळींची. मार्टिनॉटी पेशी हळूहळू मंदावतात, उणे करंटला सॅग दाखवतात (व्होल्टेज खाली जाऊन थोडं परत वर येतं), पण मंदावणं काय नि सॅग काय, थोडंफार इतरांतही सापडतंच.

म्हटलं डोळ्यांवर कशाला विसंबा, प्रत्येक पेशीची दहा-बारा फीचर्स काढली, क्लस्टरिंग (सारख्या पेशींचे गट पाडायची पद्धत) चालवलं आणि चार सुंदर पुंजके! त्यातले दोन फास्ट स्पायकिंगचे (त्या न दमणाऱ्या बास्केटसारख्यांचे), म्हणजे नवा सबटाइपच गावला की, दोन दिवस मी हवेत. मग सहज रेकॉर्डिंगची वही उघडली तर एका पुंजक्यातल्या जवळजवळ सगळ्या पेशी रूम टेम्परेचरच्या आणि दुसऱ्यातल्या 33 डिग्रीच्या. थंडीत चॅनेल सुस्तावतात, स्पाइक पसरतो, झालं. हीटर चालू होता की बंद, एवढंच मी मोठ्या अचूकतेने ओळखलं होतं.

2005 साली स्पेनमधल्या पेटिया दे आरागोनला, म्हणजे चेताविज्ञानाचा पाया घालणाऱ्या काहालच्या जन्मगावी, या क्षेत्रातले लोक नावांचा घोळ निस्तरायला जमले होते. 2008 च्या त्यांच्या पेपरात प्रकारांची पक्की यादी नाहीच, कुठली कुठली वैशिष्ट्यं नोंदवायची याची शब्दावली आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती पळवाट वाटली होती, आता नाही वाटत.

सध्या फक्त 33 डिग्रीवाल्या पेशी ठेवल्यात, सिरीज रेझिस्टन्स (नळीच्या टोकाशी करंटला होणारा अडथळा) जास्त होता त्यापण काढल्या (त्यानेही स्पाइक बुटका आणि रुंद दिसतो), डेटा बराच आटला आणि दोन पुंजक्यांचा एक झाला. एक पेशी मात्र कुठेच बसत नाहीये, स्पाइक अरुंद पण मंदावते चांगलीच. रेकॉर्ड करताना तिच्यात बायोसायटिन (नंतर रंगवून पेशीचा आकार दिसावा म्हणून) भरलं होतं. ॲक्सॉन (संदेश नेणारा लांब तंतू) वर कॉर्टेक्सच्या पहिल्या थरात जाऊन पसरला असेल तर मार्टिनॉटी म्हणेन, पण मेंदूच्या त्या स्लाइसचं स्टेनिंग अजून व्हायचंय.