कापसाची गाठ, जहाजाचं इंधन

हिंगणघाटच्या जिनिंगमधली १७० किलोची गाठ न्हावाशेवाहून परदेशी निघते, ती बहुतेकदा जड खनिज तेलावरच. २०२०पासून या तेलातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. कार्बन तसाच राहिला. वेग १० टक्के घटवला तर इंजिनाची शक्ती २७ टक्के कमी लागते, पण प्रवास लांबतो, म्हणून इंधन साधारण १९ टक्केच वाचतं.

आता आशा अमोनियावर, म्हणजे आपल्या युरियाच्याच कच्च्या मालावर! त्यात कार्बन नाही. पण नैसर्गिक वायूपासून बनवला तर धूर कारखान्यात निघतोच, हे मला फार खुपतं. शिवाय तो सहज पेटत नाही, सोबत थोडं डिझेल फवारावं लागतं. उणे ३३ अंशांवर साठवण, तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी तेलाच्या जवळपास तिप्पट. गळती झाली तर खलाशांच्या जिवावर बेततं.