मणी सुटता सुटेना

एम.टेक.ला पिएझो ग्रिपरचा, म्हणजे पिएझो सिरॅमिकने चालणाऱ्या बारीक चिमट्याचा, प्रोजेक्ट घेतला तेव्हा जो तो विचारायचा, "एवढं बारीक पकडणार कसं?" पकडण्याचं सोडा हो, घाम फुटतो तो सोडताना.

पिएझोला व्होल्टेज दिलं की तो लांबतो, पण लांबीच्या जेमतेम 0.1 टक्का. पिएझोच्या थरांचा 10 मिलिमीटरचा स्टॅक पूर्ण व्होल्टेजला साधारण 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. मला जबडा 100 मायक्रॉन हलायला हवा होता, म्हणून मध्ये दहापटीची तरफ. इथे पिन घातलेली बिजागरी चालत नाही, तिचा खुळखुळाच जास्त असतो. अख्खा ग्रिपर ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यातून कापायचा आणि बिजागरीच्या जागी पातळ मान ठेवायची. भोसरीच्या वायरकटवाल्या (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या) काकांनी ड्रॉइंग बघून चष्मा वर केला. "मॅडम, 0.3 एमएमची भिंत? हात लागला तरी वाकेल."

"काका, वाकायलाच हवी."

जॉब मात्र असा दिला की भिंगाखालीही बर, म्हणजे कापताना राहणारी खरबरीत कड, दिसेना.

पिएझो हट्टी. 75 व्होल्टला चढताना एका जागी, उतरताना दुसऱ्या. फरक सहज 10-15 टक्के. व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी हळूहळू सरकत राहतो. यावर मॉडेल बसवून उलटं गणित करणाऱ्यांना माझा नमस्कार. मी मानेच्या मुळाशी वाक मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवले आणि इंटिग्रल कंट्रोलने लूप बंद केला, म्हणजे गेजचं माप बघून साठत जाणाऱ्या चुकीप्रमाणे व्होल्टेज आपोआप दुरुस्त होतं. गेन (दुरुस्तीचा जोर) वाढवला की ग्रिपर थरथरायचा, म्हणून नेमकी तीच फ्रीक्वेन्सी गाळणारा नॉच फिल्टर. गेजच्या सिग्नलमधली विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची गुणगुण तापकीर गल्लीतून आणलेल्या शील्डेड वायरने गेली.

मग 50 मायक्रॉनचा काचेचा मणी उचलला. जबडा उघडला, तर मणी एका बाजूला चिकटलेलाच! त्याचं वजन दोन नॅनोन्यूटनसुद्धा नाही. चिकटून राहण्याचं बळ त्याच्या कैक पट. त्यात पुण्याचा जुलै, हवेतल्या ओलाव्याने आणखी घट्ट. जबडे अर्थिंगला जोडले, टोकं किंचित खरखरीत केली, डब्यात सिलिका जेल ठेवलं. फरक पडला, पण भरवसा नव्हता. शेवटी त्याच पिएझोला उघडताना वेगाने कंप दिला आणि मणी झटकला. सुटतो, पण कुठे पडेल याचा नेम नाही. नेमकी जागा हवी असेल तर काचपट्टीवर चिकट द्रवाचा पातळ थर देते, मणी त्यावर टेकवते आणि मगच जबडा उघडते.